खांब सरळ होता

मित्रांनो, लांबून मला पाहिलेत तर तुम्हाला वाटेल, कुणाच्या तरी घरची परात वाऱ्याने उडून इथे येऊन अडकली आहे. तसे नाही. मी एक तबकडी आहे, बिनतारी इंटरनेटची. वयाने आता जुनी झाले आहे. माझा पांढरा रंग ठिकठिकाणी उडाला आहे, कडेला एक पोचा आहे आणि पाठीमागचे नट गंजून लाल झाले आहेत. डोंगरमाथ्यावरच्या एका लाकडी घराशेजारी, लोखंडी खांबावर माझा मुक्काम असतो. इथवर रस्ता येत नाही, विजेची तार येत नाही. सूर्याच्या उन्हावर जेवढी बॅटरी भरेल तेवढेच माझे अन्नपाणी. या खांबावरून मी जे पाहिले, त्याच्या धक्क्यातून मी अजून पुरती सावरलेले नाही. तरी सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मी एकटी जन्मले नाही. माझ्याबरोबर त्याच साच्यातून माझी जुळी बहीण बाहेर पडली आणि आम्हा दोघींना एकाच खोक्यात पाठीला पाठ लावून बंद केले गेले. आमच्या जातीचे हे असेच असते. एकटी तबकडी कुणाच्या कामाची नाही. एकीने बोलायचे, दुसरीने ऐकायचे, आणि दोघींनी कितीही लांबून एकमेकींच्या डोळ्याला डोळा देऊन उभे राहायचे. नजर जराशी ढळली की बोलणे तुटले.

आम्हाला खोक्यातून बाहेर काढले ते एका मुलीने. शहरात तिचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क दुरुस्तीचे दुकान होते. तोंडात स्क्रू धरून बोलायची तिला सवय होती. तिचा मामा या डोंगरमाथ्यावर एकटा राहत असे. हवामान खात्यासाठी पाऊस, वारा आणि ऊन मोजणे हे त्याचे काम. दरीच्या पलीकडे, समोरच्या डोंगराच्या उतारावर घरांची एक गल्ली होती. त्या गल्लीत मामाची थोरली बहीण, म्हणजे या मुलीची आई राहत असे. मामा तिला ताई म्हणे, म्हणून मीही ताईच म्हणते. सरळ रेषेत पाहिले तर बहीणभाऊ एकमेकांना हाक मारतील एवढे जवळ. पायी जायचे तर दरीत उतरून ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि पुन्हा चढायचे. त्यात अर्धा दिवस मोडे.

त्या अर्ध्या दिवसाने घात केला होता. ताईंचे यजमान एका सकाळी बोलता बोलता गेले. मामाला कळवायला माणूस निघाला, पण साकव पाण्याखाली होता. निरोप पोचून मामा धावत खाली येईपर्यंत सगळे आटोपले होते. ताईंनी त्याला दारात पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "आलास? बस." पुढे एक शब्द नाही. त्या दोन शब्दांचा मामाने असा धसका घेतला की त्याने खाली येणेच सोडले.

भाची ते पाहत होती. तिने मनाशी काय ठरवले ते तिलाच ठाऊक. पण एक दिवस सोलर पॅनेल, बॅटरी आणि मला एका खेचराच्या पाठीवर बांधून ती वर आली.

मामा दारातच आडवा उभा राहिला. "मला कशाला हे लचांड? मला कुणाशी बोलायचंय?"

"तू नको बोलूस. पावसाचे आकडे पाठव. खात्याला आता रोज हवेत म्हणे."

"आकडे मी खाली पोचवतो."

"महिन्यानं! मामा, सरक. पाठ दुखतेय माझी."

तिने खांब रोवला, मला वर चढवले आणि समोरच्या डोंगराकडे माझे तोंड केले. माझी बहीण आधीच ताईंच्या गच्चीवर पोचली होती. केसभर डावीकडे, नखभर वर, असे करत भाची मला फिरवू लागली. आणि अचानक मला ती दिसली! दरीपलीकडे, तांदळाच्या दाण्याएवढी. माझ्या पायाशी हिरवा दिवा लागला.

पहिल्यांदा पडद्यावर ताईंचा चेहरा उमटला, तेव्हा मामा खुर्चीत दगडासारखा बसून राहिला. ताईही गप्प. दोघांमधली ती शांतता इकडून तिकडे नेताना मीच अवघडून गेले. शेवटी ताई म्हणाल्या, "आधी ती दाढी कर. ओळख पटेना मला."

मामा हसला. हसता हसता उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. दिवसभर ऊन असले की दोन्हीकडचे पडदे चालू. ताईंचा पडदा स्वयंपाकघराच्या फळीवर होता. त्या भांडी घासत, हा पावसाचे माप धूत असे, आणि मध्येच भांडण जुंपे. माझ्यातून किती भांडणे गेली म्हणून सांगू! पण ती भांडणे कशी, तर रोज सकाळी नव्याने मांडलेली आणि दुपारपर्यंत विरलेली. ताई त्याला 'धाकट्या' म्हणत. एक गोष्ट मात्र त्या कधी बोलत नसत, आणि तोही कधी काढत नसे. हवामान खात्याचे साहेब एकदा पडद्यावर आले आणि म्हणाले, "एवढ्या लांबून एवढं स्पष्ट चित्र! वा!" मी खांबावर फुगले होते.

पुढे काहीतरी बिनसले.

आधी चित्र अडखळू लागले. मग ताईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागला. मामाने सगळा राग माझ्यावर काढला. त्याने माझे नट आवळले, मला थापट्या मारल्या, एकदा तर काठीने ढोसले. माझ्या कडेचा पोचा तेव्हाचाच. मी जागची हललेले नव्हते. पण सांगणार कशी?

भाची आली. तिने मला तपासले आणि मान हलवली. "मामा, उगीच मारलंस बिचारीला. ही ठीक आहे. आईकडची हललीय."

ती पलीकडे गेली, बहिणीचे तोंड पुन्हा माझ्याकडे वळवले आणि चित्र लख्ख झाले. काही आठवडे बरे गेले. पुन्हा तेच. पुन्हा भाची गेली, पुन्हा तिने नजर जुळवली. मग ताईंना शेजारणीचा संशय आला.

"चादरी वाळत घालताना धक्का मारत असणार ती. मी सांगून आले, माझ्या खांबाला हात लावायचा नाही."

"मग?"

"मग काय, बोलत नाहीये माझ्याशी."

भाचीने खांब गच्चीवरून काढला आणि घराच्या भिंतीला, वरपासून खालपर्यंत मजबूत पट्ट्यांनी ठोकला. "आता भूकंप आला तरी हलणार नाही," ती म्हणाली. आणि तरीही तो हलला! माझी बहीण रोज थोडी थोडी माझ्या नजरेतून खाली घसरत होती. एखादे माणूस बोलता बोलता मान खाली घालते ना, तशी.

त्याच दिवसांत ताईंच्या आणखी तक्रारी माझ्यातून वर येत होत्या. स्वयंपाकघराचे दार लागेना, म्हणून सुताराला बोलावले, त्याने तासून दिले. पुन्हा लागेना, पुन्हा तासले. शेजारच्या घड्याळजींची लंबकाची घड्याळे एकामागून एक बंद पडत होती. घड्याळजी स्प्रिंगांना शिव्या घालत होते. डोंगराचा पायथा खणून रस्ता रुंद करायचे काम चालू होते, त्याच्या धुळीने ताईंना खोकला झाला होता. या सगळ्या गोष्टी मी एकेक करून मामापर्यंत पोचवल्या. त्या एकत्र ठेवून कुणी पाहिल्या नाहीत. मीही नाही. माझे काम फक्त पोचवायचे.

पुढे आठवडाभर पाऊस पडला. मामाचे माप भरून वाहिले. मग एका सकाळी आभाळ निवळले, स्वच्छ ऊन पडले आणि भाची पुन्हा ताईंच्या घरी पोचली. या खेपेला तिने ओळंबा आणला होता. दोरीला बांधलेले वजन, ज्याने गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहतो, तो. हातात फोन धरून ती मामाशी बोलत होती. तिचा आवाज तुटत तुटत माझ्यापर्यंत येत होता.

"मामा, दिसतंय का? खांबाच्या टोकाला ओळंबा लावलाय. खाली बघ, खांबापासून केवढा लांब लोंबतोय."

"म्हणजे खांब वाकला."

"तेच तर. खांब वाकलेला नाही. भिंतीपासून वर जेवढं अंतर, तेवढंच खाली. मी दोनदा मोजलं."

"नीट बघ."

"मामा, मी नीट बघतेय! खांब सरळ आहे. एकदम सरळ आहे." ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "भिंत कललीय."

मामा खुर्चीत पुढे सरकला. "कुठल्या बाजूला?"

"दरीकडे."

"घड्याळजींच्या भिंतीला लाव."

ती धावल्याचा आवाज आला. दार वाजले, घड्याळजींचे "काय गं पोरी?" ऐकू आले. मग तिचा आवाज. तो मी कधीच विसरणार नाही.

"मामा, ही पण. ही पण तेवढीच. दरीकडेच."

मित्रांनो, माझ्या अंगातून वीज जाते, पण त्या क्षणी अंगातून गेले ते काही वेगळेच होते. महिनोन् महिने आम्ही नट आवळत बसलो होतो. तबकडी हलत नव्हती. खांब हलत नव्हता. समोरचा अख्खा डोंगर, त्याच्या अंगावरच्या गल्लीसकट, हलत होता.

मामाने पावसाच्या आकड्यांची वही पुढे ओढली. मापातले पाणी त्यानेच मोजले होते. डोंगराच्या पोटात किती मुरले असेल, ते त्याला वेगळे सांगायला नको होते. "सगळ्यांना बाहेर काढ," तो म्हणाला. "आत्ता. सामान नाही, काही नाही. नुसती माणसं."

भाचीने आधी तहसील कचेरीला फोन लावला. तिकडून उत्तर आले, उद्या माणूस पाठवतो. मग ती दारोदार पळाली. घड्याळजी सर्वांत आधी निघाले. "म्हणजे माझी घड्याळं बरोबर होती, भिंतच वाकडी!" असे ओरडतच ते रस्त्यावर आले. शेजारीण निघाली, अबोला विसरून तिने दोन घरे स्वतः रिकामी केली. वरच्या टोकाच्या घरात चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको राहत. ते म्हणाले, "उद्या माणूस येणार आहे ना? तो बघेल काय ते." आणि त्यांनी दार लावून घेतले.

आणि ताई? ताई स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिल्या.

"ताई, ऊठ," मामा पडद्यातून म्हणाला.

"हे घर यांनी बांधलंय. एकेक वीट पारखून घेतलीय. वाकडं म्हणू नकोस माझ्या घराला."

"घर वाकडं नाही गं. खालची जमीन चाललीय. ऊठ, पाया पडतो तुझ्या."

"तू सांगतोस?" ताईंचा आवाज चिरला. "ते गेले तेव्हा या दाराकडे डोळे लावून बसले होते मी. माझा भाऊ येईल म्हणून. आता तिथं खुर्चीत बसून मला ऊठ म्हणतोस?"

इतकी वर्षे जी गोष्ट दोघांनी टाळली होती, ती त्या दिवशी माझ्यातून गेली. मला वाटले, मी जळून जाईन.

मामा खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "मी येतो खाली. हाताला धरून बाहेर काढतो तुला."

"येशील! तू?"

तो वळला. कोपऱ्यातली काठी उचलली आणि दार उघडे टाकून निघाला. मी त्याला उतरणीवर पळताना पाहिले. साठीचा माणूस, पण घसरत, सावरत, झुडपांना धरत पळत होता.

इकडे पडद्यावर ताई म्हणत होत्या, "धाकट्या, नाटकं पुरे. दिसतंय मला. ये, बस खुर्चीत."

खुर्ची रिकामी होती.

"धाकट्या?"

त्या उठून पडद्याजवळ आल्या. रिकामी खुर्ची, उघडे दार आणि दारातून आत आलेले ऊन, एवढेच मी त्यांना दाखवू शकत होते. बहिणीची नजर इतकी ढळली होती की एक एक चित्र ओढून न्यावे लागत होते. बॅटरीत होते नव्हते ते सगळे बळ लावून मी ते नेले. आयुष्यात मी साहेबांची भाषणे नेली, पावसाचे आकडे नेले. पण एका रिकाम्या खुर्चीएवढे मोलाचे काही नेलेले नाही.

"अगं बाई," ताई पुटपुटल्या. "खरंच निघाला."

आणि त्या अनवाणीच बाहेर पडल्या.

मग रिकाम्या स्वयंपाकघरातून मला एक बारीक आवाज ऐकू आला. फळीवरची भांडी आपोआप किणकिणत होती. एक पेला घरंगळला. पडद्यात भिंत तिरपी झाली, खिडकी तिरपी झाली, आणि चित्र विझले. मी समोर पाहिले. झाडे चालत होती. उभीच्या उभी, मुळांसकट, एकमेकांना खेटून खाली चालत होती. त्यांच्यामागून छपरे निघाली. माझी बहीण मला एकदा चमकून दिसली आणि तिच्यावर डोंगर बसला. हे सगळे मुक्याने झाले. आवाज नंतर आला. दरी ओलांडून यायला त्याला वेळ लागला. तो आला तेव्हा माझा खांब गदगदा हलला. समोर गल्ली नव्हती. तांबडी धूळ होती, आणि ती दरीत उतरत होती. जिथे साकव होता तिथे. जिकडे मामा धावत गेला होता तिकडे.

मी बहिणीला हाका मारत राहिले. मला दुसरे काही येत नाही. ऊन होते तोवर बॅटरी भरत होती आणि मी हाका मारत होते. घराचे दार वाऱ्याने आपटत होते. कोण वाचले, कोण गेले, मला सांगणारे कुणी नव्हते. किती दिवस असे गेले ते मोजण्याचे माझ्यात त्राण नव्हते.

शेवटी पायवाटेवर दोन माणसे दिसली. पुढे भाची होती. मागे कोण, ते मला ओळखूच येईना. कारण त्या बाईंना मी कायम पडद्यातच पाहिले होते. ताई! धापा टाकत त्या ओसरीवर बसल्या. मामाचे कपडे आणि चष्मा न्यायला आल्या होत्या. मायलेकींच्या बोलण्यातून मला सारे कळले. गल्लीतली माणसे वाचली होती, ते वरच्या घरातले दोघे सोडून. मामा ओढ्याच्या काठी दगडांखाली सापडला. त्याची क्षीण हाक सर्वांत आधी ताईंनी ऐकली. ज्यांना त्याने घराबाहेर काढायला लावले होते, त्यांनीच हातांनी दगड उपसून त्याला बाहेर काढले. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"आता तो इथं नाही चढू शकणार," ताई म्हणाल्या.

"नाही."

"माझ्यासाठी उतरला गं." एवढे बोलून ताईंनी पदरात तोंड झाकले.

काही दिवसांनी वर्तमानपत्रवाले वर आले. 'जीव वाचवणारी तबकडी' म्हणून माझे फोटो काढले. भाची शेजारी उभी होती, पण एकाही फोटोत हसली नाही. "ती कितीतरी महिने सांगत होती," ती म्हणाली. "आम्हीच तिला काठ्या मारत होतो. दोन माणसं गेली. हे पण लिहा." त्यांनी ते लिहिले की नाही, मला माहीत नाही.

मग सगळे गेले. घराला कुलूप लागले. बॅटरी म्हातारी होऊन एक दिवस पुरती बसली. माझ्या पायाशी दिवा नाही, अंगात वीज नाही. नट गंजले, तोंडावर शेवाळ चढले. ज्या दिशेला कुणीच नव्हते, त्या दिशेला तोंड करून मी उभी होते.

आणि मागच्या उन्हाळ्यात कुलूप वाजले. भाची होती. नवी बॅटरी घेऊन आली होती. तिने ओल्या फडक्याने माझे तोंड पुसले, गंजलेले नट तेल घालून सैल केले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला पाठमोरे फिरवले. शहराकडे. तिथे भाड्याच्या दोन खोल्यांत आता ताई आणि मामा राहतात. त्यांच्या छपरावरची तबकडी मला परकी आहे, तिच्या बोलण्याची ढब वेगळी आहे. पण आमचे जमले. पावसाचे माप आता आपोआप मोजते, आणि मी ते पाठवते. शिवाय भाचीने खिडकीत एक कॅमेरा बसवला आहे. तो सतत समोरच्या डोंगराकडे पाहतो. त्याच्या कडेला राहिलेल्या घरांकडेही. एखादी भिंत जराशी जरी ढळली, तरी ते आता कुणीतरी बघत असते.

दर रविवारी ताईंच्या खोलीत गल्लीतली माणसे जमतात. आता कुणी कुठे, कुणी कुठे राहते. पडद्यासमोर दाटीवाटीने बसून ती आपली गल्ली शोधतात. घड्याळजी म्हणतात, "ते पिवळं गवत दिसतंय ना, त्याच्या डावीकडे माझं दुकान." शेजारीण म्हणते, "छे, तिथं माझी गच्ची." मामा कुबडी मांडीवर घेऊन बसलेला असतो. ताई पहिल्या दिवशी पडद्याकडे पाठ करून बसल्या होत्या. परवा त्यांनी वळून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "झाडं येतायत रे धाकट्या." आणि मामा म्हणाला, "येतायत, ताई."

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत. कधीतरी माझ्या जागी नवी, चकचकीत तबकडी येईल, आणि तिला माझ्याहून बरे काम जमेल. माझे एकच मागणे आहे. तुमच्या माणसाचा आवाज तुमच्यापर्यंत बारीक होऊन, तुटत तुटत येऊ लागला, तर त्याच्यावर चिडू नका आणि नुसते आपल्याकडचे नटही आवळत बसू नका. उठा. त्याच्यापर्यंत चालत जा, आणि त्याच्या पायाखालची जमीन बघून या.